दोन पेट्यांचा हिशेब : मदतनिधी समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
मदतनिधी समिती

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी रात्री पावणेदहाला समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्र आलं. वर नाताळचा तारा, मध्ये क्यूआर कोड आणि खाली तीन ओळी. यंदा डिसेंबरात चर्चमधली मदतीची मैफल होणार नाही, कार्यक्रमावर होणारा खर्च वाचवून तो थेट गरजूंना देण्याचं समितीने ठरवलं आहे, दात्यांनी कोड स्कॅन करून सहकार्य करावं. खाली पटापट जोडलेले हात उमटले. अकरा मोजले मी. त्यातला एक माझाच होता, सवयीने दाबला गेलेला. रात्री दीड वाजता उठून तो काढून टाकला, आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

आधी रीतसर विचारून पाहिलं. अध्यक्षांना दोनदा फोन केला, एकदा घरी गेलो. "मास्तर, सभेत ठरलंय," एवढंच उत्तर मिळालं. ज्या सभेत ठरलं तिचं बोलावणं मेस्तांना, म्हणजे चर्चच्या गायनमास्तरांना, नव्हतं, कॉयरमधल्या (चर्चच्या गायनवृंदातल्या) कुणाला नव्हतं आणि आमच्या भजनी मंडळालाही नव्हतं. म्हणून आता चारचौघांत लिहितो. शिवाय दर वर्षी पेटीत पैसे टाकणाऱ्यांपैकी कितीतरी माणसं तुमच्या ग्रुपवर नाहीतच, त्यांच्याही कानावर हे जायला हवं. समितीच्या सभा कोंकणीत होतात आणि इतिवृत्त इंग्रजीत लिहिलं जातं, पण मी जन्मभर मराठी शिकवली, त्यामुळे भांडण मला मराठीतच नीट जमतं. तेवढं सांभाळून घ्या.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. मी देवळाच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. आणि २०११ पासून, कोविडची दोन वर्षं सोडून, दर डिसेंबरात एका संध्याकाळी चर्चच्या दारातली दुसरी पेटी सांभाळतो. गाणं माझं नसतं तेव्हा दारात, गाणं आलं की आत. ही दुसरी पेटी फणसाच्या लाकडाची, वर फट असलेली, दोन कुलपांची. एक चावी विगार फादरांकडे, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रींकडे, एक माझ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. या दोन पेट्यांमधलं नातं समितीला कळलेलं नाही, अशी माझी तक्रार आहे.

हे सगळं सुरू झालं एका माडावरून. आमच्या वाड्यावरचा रेंदेर सूर, म्हणजे माडाची ताडी, काढायला चढला होता (हा सूर वेगळा, गोवेकरांना सांगायला नको) आणि खाली आला तो थेट पाठीवर. बांबोळीच्या इस्पितळातून घरी आणला तेव्हा डोक्याकडची बाजू वर होणारा पलंग हवा होता. पणजीत भाड्याने मिळत होता, पण ते भाडं त्याच्या बायकोला झेपणारं नव्हतं. चार दिवसांनी मेस्त माझ्या दारात उभे. म्हणाले, "मास्तर, तुमची पेटी घेऊन या. आमचा ऑर्गन उंदरांनी खाल्लाय." बस्स, पलंगासाठी मैफल ठरली. समिती नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं, अध्यक्षही नव्हते.

त्या वर्षी जेमतेम पाऊण तास गायलो. लॅटिनमधली दोन, नाताळची तीन कोंकणी गाणी, आणि शेवटी ख्रिस्तपुराणातल्या काही ओव्या. फादर स्टीफन्सनी रचलेलं, १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं हे अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं मराठी पुराण. ते शाळेत मी एका धड्यापुरतं शिकवलं होतं, गाऊन पाहिलं नव्हतं. मेस्तांनी सुचवलं आणि आमच्या देवळातल्या ओवीच्या चालीवर ते अलगद बसलं. मागच्या बाकांवर आमच्या मंडळातली माणसं होती. त्यातली काही उभ्या जन्मात पहिल्यांदा चर्चच्या आत आलेली, चपला कुठे काढायच्या म्हणून गोंधळलेली. ओव्या सुरू झाल्या आणि ती पुटपुटायला लागली. आपल्याच भाषेतलं काहीतरी या घरात चारशे वर्षांचं आहे हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं. मलाही.

चर्चमध्ये पेटी वाजवणं हे वेगळंच प्रकरण आहे. देवळाच्या सभामंडपात वारा खेळता असतो, सूर सोडला की संपला. इथे चिऱ्याच्या जाड भिंती, वर चुन्याचा गिलावा, उंच छप्पर. पट्टीवरून बोट उचललं तरी सूर वर कुठेतरी रेंगाळत राहतो आणि पुढचा सूर त्याच्या अंगावर जाऊन पडतो. आमच्या तबलजीने, जो एरवी टेंपो चालवतो, पहिल्या तालमीला दुगुन धरली आणि अशी खिचडी झाली की मेस्तांनी दोन्ही हात वर केले. तेव्हापासून तो तिथे फक्त सावकाश ठेका देतो. घुमटाला, म्हणजे आमच्या कातडं ताणलेल्या मातीच्या वाद्याला, मात्र ती जागा मानवते. तेच घुमट आमच्या आरतीला आणि तेच त्यांच्या मांडो या कोंकणी गाण्याला. २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. कातडं आता घोरपडीचं नसून बकऱ्याचं असतं आणि जुनी माणसं अजून त्यावर नाक मुरडतात, पण त्या भिंतींमध्ये बकऱ्याचं कातडंही खोल बोलतं.

हे एवढं सविस्तर लिहिलं त्याला कारण आहे. त्या घरात एका माणसाचा उघडा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. ध्वनिक्षेपक लागत नाही.

आता तुमच्या कारणांकडे येतो.

पहिलं कारण खर्चाचं. गेल्या वर्षीच्या खर्चाची यादी मला एका सदस्याने दाखवली, नाव सांगत नाही. सात नोंदी होत्या: साऊंड सिस्टीम, एलईडी पडदा, आवारातला मांडव, पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छ आणि शाली, छापील निमंत्रणं, पाहुण्यांचा अल्पोपाहार, आणि सर्वांत शेवटी "कलाकार – चहा व किरकोळ". गाण्याशी संबंध असलेली नोंद ती एकच. त्या किरकोळात एका मुलीच्या रेबेकाची (व्हायोलिनची) तुटलेली तार आणि तबलजीच्या टेंपोचं डिझेल होतं. पहिल्या सहा नोंदी समितीने आणल्या. २०१८ पर्यंत त्यातली एकही नव्हती. स्वतः मांडव घालायचा, मग मांडव महाग पडतो म्हणून लग्नच मोडायचं, असं हे झालं. एलईडी पडद्याबद्दल तर काय बोलावं. मागे सोन्याचा मुलामा दिलेली, साडेतीनशे वर्षांची कोरीव लाकडी वेदी, आणि तिच्यापुढे प्रायोजकाच्या टाइल्सची जाहिरात लुकलुकतेय.

दुसरं कारण एका सदस्याने मला रस्त्यात सांगितलं: चर्चमध्ये तिकीट लावायला मनाई आहे. बरोबर आहे. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी व्हॅटिकनमधून निघालेल्या पत्रात चर्चमधल्या मैफलींसाठी नियम घालून दिलेत आणि प्रवेश विनामूल्य, सर्वांना खुला असावा असं त्यात म्हटलंय. आम्ही कधी तिकीट लावलं? दारात पेटी आहे. ज्याला टाकायचं तो टाकतो, नाही टाकलं तरी कुणी बघत नाही. मी तर मुद्दाम दुसरीकडे बघत बसतो. उलट गेल्या वर्षी पुढच्या चार ओळी "देणगीदारांसाठी राखीव" अशी पाटी लावून ठेवल्या त्या समितीने. त्या पत्राचा आधार घ्यायचाच तर आधी ती पाटी काढावी लागेल.

तिसरं, परवाने. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम आम्हाला पाठ आहे. आमचं गाणं साडेआठला संपतं. कॉपीराइटची भीती कुणीतरी घातलीय. १९५७ च्या त्या कायद्यातच हौशी मंडळांना सूट आहे: श्रोत्यांकडून पैसे न घेता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हा भंग धरला जात नाही. आणि आमची बहुतेक गाणी इतकी जुनी की हक्क सांगायला वरून कुणाला तरी यावं लागेल.

ही झाली कारणांची उत्तरं. पण मला बोचलंय ते वेगळंच. "कार्यक्रमावरचा खर्च वाचवून थेट मदत." म्हणजे मदत हे खरं काम, आणि गाणं ही त्याच्यावरची झालर. वाचून वाटतंही खरं. म्हणून मी ते नीट उलगडून दाखवतो.

आपल्याकडे एक मासळीवाली येते. गेली दहा वर्षं मैफलीला न चुकता येते, पण बाकावर कधी बसत नाही. पाटी बाहेर पायरीवर असते, म्हणून दारातच उभी राहते, माझ्या शेजारी. शेवटचं गाणं झालं की कमरेची पिशवी सोडते, दहा-दहाच्या, वीसच्या नोटा काढते, बर्फाच्या पाण्याने ओल्या झालेल्या. "वल्यो आसात मास्तर, सुकयात," म्हणते. ओल्या नोटा पेटीत टाकल्या तर बाकीच्यांना चिकटतात, म्हणून मी त्या हार्मोनियमच्या झाकणावर एकेक करून पसरतो. एका वर्षी त्या तशाच राहिल्या आणि झाकण मिटलं गेलं. सोमवारच्या भजनाला देवळात पेटी उघडली तर बांगड्याचा वास. भटजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला गजर सुचेना. तिच्या त्या नोटा तुमचा कोड कशा स्कॅन करणार? आणि समजा केल्या, तिच्या फोनवरून कुणी पाठवूनही दिल्या, तरी ती रात्री पावणेदहाला एक चित्र बघून पैसे देणार आहे का? ती गाणं ऐकून देते. दारात उभी राहून, पदराने हात पुसत, सगळ्यांच्या देखत पण कुणाला न दाखवता देते.

आपल्या गोव्यात हे कुणाला शिकवायला नको. देवळात पावणी होते, चर्चच्या फेस्ताला लेलांव होतो, दोन्ही लिलावच, आणि साधा नारळ हजारात जातो. तो नारळ घेणाऱ्याला भाव कळत नाही असं थोडंच आहे? वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं. तिथे जाऊन कुणी म्हटलं का, की एवढी माणसं जागवण्यापेक्षा लाइटबिल वाचवा आणि थेट देवाला पाठवा? नाटकाच्या, तियात्राच्या (कोंकणी नाट्यप्रकाराच्या) मदतीच्या प्रयोगांतून किती छपरांवर कौलं चढली, किती शाळा उभ्या राहिल्या ते इथल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

मेस्त एक गोष्ट सांगतात, ती समितीने ऐकावी. हँडेल नावाच्या संगीतकाराचा "मसाया" पहिल्यांदा गायला गेला तो १३ एप्रिल १७४२ रोजी, डब्लिनमध्ये, मदतीसाठीच. दोन इस्पितळं आणि कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी, अशा तिघांत पैसे वाटले गेले. जागा कमी म्हणून आधी जाहीर केलं होतं की बायकांनी घेरदार झगे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं. सातशे माणसं आली, चारशे पौंडांच्या आसपास जमले, आणि १४२ कैदी सुटले. सभागृह ज्या गल्लीत होतं तिचं नाव फिशॅम्बल स्ट्रीट. मासळीबाजाराची गल्ली. हे मेस्तांनी सांगितलं तेव्हा मी दारातल्या त्या बाईकडे बघितलं आणि आम्ही दोघंही हसलो, तिला काही कळलं नाही.

गोष्टीचा पुढचा भाग तुमच्यासाठी. तिथल्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचे डीन होते जोनाथन स्विफ्ट, लेखक म्हणून जगाला माहीत असलेले. त्यांनी जानेवारीत आपल्या गायकांना त्या गल्लीतल्या फिडलवाल्यांच्या क्लबात जायची चक्क मनाई केली होती. मनाई पुढे गळून पडली आणि गायक गायले. म्हणजे नको म्हणणारी मोठी माणसं तेव्हाही होती, आणि नंतर हो म्हणायला त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे १७५० पासून हँडेलने लंडनच्या अनाथ मुलांच्या संस्थेच्या चॅपेलमध्ये तीच रचना वर्षानुवर्षं सादर केली आणि मृत्युपत्रात तिची एक प्रत त्या संस्थेला ठेवली. पैशांऐवजी वही ठेवली, कारण दर वर्षी पैसे कशातून येतात ते त्याला माहीत होतं.

आता तक्रारी. क्रमाने सांगतो, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

हिशेब. २०१९ पासूनचा जमाखर्च समितीने एकदाही फलकावर लावलेला नाही. पेटीत किती निघाले ते मला आणि विगार फादरांना माहीत असतं, कारण आम्ही मोजतो आणि कागदावर दोघं सही करतो. पुढे तो कागद समितीकडे जातो आणि तिथेच राहतो. मी कुणावर संशय घेत नाही, हे स्पष्ट लिहितो. मीसुद्धा इतकी वर्षं लेखी मागणी केली नाही, ती माझी चूक. पण गाण्यातून आलेला पैसा नुसत्या सदिच्छेने पोचत नाही. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एवढी मोठी मैफल केली. दाराशी जमलेले दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफला गेले, पण नंतर रेकॉर्ड आणि चित्रपटातून आलेला पैसा कित्येक वर्षं करखात्यात अडकला, कारण कागदपत्रं आधी केली नव्हती. एवढ्या मोठ्या माणसांचं असं झालं, तर आपण कोण?

फोटो. गेल्या वर्षी एका आजीला व्हीलचेअर दिली. ग्रुपवर फोटो आला. चेअरला सहा जणांचे हात लागलेत, सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, आणि मध्ये आजी मान खाली घालून बसलीय. तिच्या सुनेने मला विचारलं, "मास्तर, तो फोटो काढून टाकता येईल का?" मी समितीला कळवलं. फोटो अजून आहे. पूर्वी पलंग द्यायचे तेव्हा तबलजी संध्याकाळी टेंपोत घालून नेऊन सोडायचा, दोन पोरं आत उचलून ठेवायची, चहा घेऊन परत. शेजाऱ्यालाही पत्ता लागायचा नाही. आणि मैफलीच्या दिवशी ही आजारी माणसं श्रोते म्हणून यायची. पैसे त्यांच्यासाठी जमताहेत हे बाकावरच्या कुणाला ठाऊक नसायचं. तीही पेटीत पाच-दहा टाकून जायची. त्या एका संध्याकाळी ती कुणाची गरजू नव्हती. क्यूआर कोडच्या खाली मात्र "गरजू" हा शब्द जाड अक्षरांत आहे.

भाषणं. गेल्या वर्षी पन्नास मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो. लहान पोरं रांगेत उभी, एकाला भोवळ आली. कार्यक्रम लांबला, लोक उठून गेले, हे तुम्ही म्हणता ते खरं आहे. मैफल वाईट झाली हेही मान्य करतो. एका गाण्यात मीच पट्टी चुकलो आणि सगळ्यांना घेऊन बुडालो. पण लोक गाण्यातून उठले नव्हते.

आणि खोली. ही तक्रार सगळ्यांत जड आहे. चर्चच्या मागची जी खोली कॉयरच्या तालमीला होती तिला जूनपासून समितीचं कुलूप आहे, आत एलईडीची फ्रेम आणि खुर्च्या. सुरक्षिततेसाठी, असं सांगतात. त्या खोलीत आठवड्यातून दोनदा बावीस-पंचवीस माणसं जमायची. पंचायतीतल्या कागदावर जे कधी येत नाही ते तिथे कळायचं. खालच्या आवाजात गाणारी एक बाई नर्स आहे. कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेत, कुणाला वॉकर चालणार नाही, पलंगच लागेल, हे ती तालमीच्या आधी दहा मिनिटांत सांगायची. मागणीअर्ज नव्हता. तुम्ही "लाभार्थी निवड" म्हणता ती अशी व्हायची, कुणी लाभार्थी आहे हे त्यालाही न कळता. आता अर्ज छापलाय. सहा महिन्यांत किती अर्ज आले ते समितीने सांगावं. माझ्या माहितीत दोन घरं अशी आहेत ज्यांना गरज आहे आणि अर्ज करायची लाज वाटते.

तालमीत पोरांचंही काहीतरी घडत होतं. सोल्फाच्या (पाश्चात्त्य स्वरांच्या) वहीवर पेन्सिल टेकवून मेस्त एकेकाकडून ओळ म्हणून घेतात, चुकली की पेन्सिल बाकावर दोनदा वाजते. चर्चच्या शाळांतून ही विद्या गोव्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये कॉयरमास्तर होते, ते असंच शिकून मुंबईला गेले, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवलं, प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, १९५८ मध्ये भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आमच्यातून तसा कुणी निघेल असं मी म्हणत नाही. पण बाराव्या वर्षी चार आवाजांत आपला आवाज धरून उभं राहायला शिकलेलं पोर पलंग उचलायला बोलावलं की येतं, हे मी पाहिलंय.

यात माझा स्वतःचा संबंध काय, तेही सांगतो. पलंग क्रमांक ४ चौदा महिने आमच्या घरात होता. माझी आई त्यावर होती. २०१६ च्या मैफलीतून घेतलेला पलंग; त्या वर्षीची पेटी मीच मोजली होती, नोटा सुकवल्या होत्या, आणि हा कधी माझ्याच माजघरात येईल असं मनात आलं नव्हतं. आणला त्या दिवशी आईने विचारलं, "ह्याच्यावर आधी कोण होतं?" मी सांगितलं: पोदेराची (पाववाल्याची) आई, मग एक निवृत्त शिपाई, मग खालच्या वाड्यावरची एक बाई. ती थोडा वेळ गप्प राहिली. तिचं सोवळं कडक होतं, मला भीती होती. मग म्हणाली, "सगळी चांगली माणसं," आणि पाय वर घेतले. यंदा एप्रिलमध्ये ती गेली. त्यामुळे "थेट मदत" म्हणजे काय हे मला जमाखर्चाच्या दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत:

१. मैफल व्हावी. डिसेंबरची तारीख आता जमत नसेल तर कोरेज्म (ईस्टरपूर्वीचा उपासाचा काळ) लागण्याआधीचा एखादा रविवार चालेल. दीड तास, साडेआठला समाप्त.

२. साऊंड, पडदा, मांडव, शाली, पुष्पगुच्छ काही नको. पाहुणे यावेत, बाकावर बसावेत. बोलणार एकच जण, पाच मिनिटं. विगार फादर किंवा मेस्त ठरवतील.

३. २०१९ पासूनचा जमाखर्च चर्चच्या, देवळाच्या आणि पंचायतीच्या फलकावर लावावा. मराठीत आणि कोंकणीत, कोंकणी देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिपींत. यापुढे दर वर्षी मैफलीनंतर महिन्याभरात.

४. वस्तू घेणाऱ्या कुणाचाही फोटो काढू नये. ग्रुपवरचा तो फोटो आजच काढावा. हे करायला सभा लागत नाही.

५. राखीव ओळी बंद. पुढची बाकं चालता न येणाऱ्यांना, आणि बाजूच्या दाराला एक लाकडी उतरण. सुतार आमच्या मंडळात आहे, फळ्या तेवढ्या द्या.

६. तालमीची खोली मोकळी करावी आणि चावी मेस्तांकडे द्यावी.

७. क्यूआर कोड राहू द्या. आखातातली, लंडनची आपली मुलं त्यातून पाठवतात, त्यांना दार लांब आहे. पण तो पेटीच्या शेजारी चिकटवा, पेटीच्या जागी नको.

तबलजीला आणि रेबेकवाल्या मुलीला मानधन द्यावं, असंही मला लिहायचं होतं. त्यांना विचारलं तर दोघंही नको म्हणाली. निदान तार आणि डिझेल "किरकोळ" मधून बाहेर काढून त्यांच्या नावाने लिहा.

तुमच्यातले बहुतेक जण माझे विद्यार्थी आहेत किंवा विद्यार्थ्यांचे वडील. कुणी वाईट हेतूने हे केलं असं मला वाटत नाही. मोठं करायच्या नादात झालंय. मोठं करू नका, एवढंच.

सोमवारपासून तालीम सुरू करतोय, संध्याकाळी साडेपाच. खोली उघडी मिळाली तर खोलीत, नाहीतर मेस्तांच्या अंगणात. पेटी मी आणतो. समितीतल्या ज्यांना गाता येतं त्यांनी यावं. निदान दोघांना येतं, शाळेत ऐकलंय मी.

आपला,
दोन्ही पेट्यांवर बसणारा मास्तर

ता. क. पलंग क्रमांक ४ अजून आमच्याकडेच आहे. मे महिन्यापासून तीनदा निरोप दिला, न्यायला कुणी आलं नाही. पायथ्याचा फिरवायचा दांडा अडकत होता, तेल घालून सैल केलाय, गादीचं रेक्झिन बदललंय. देवळामागच्या एका घरी त्याची गरज आहे असं नर्सबाईंनी सांगितलं. रविवारी टेंपो मोकळा आहे. समितीची हरकत नसेल तर कळवावं. शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरून मी तो पोचवतो.